पगडीपासून हुडीपर्यंत

गेल्या वर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला मंडपात एक लहानसा प्रसंग घडला. बाहेर पाऊस होता. आपल्याच एका सभासदाच्या घरचा, कॉलेजात जाणारा मुलगा स्कूटर लावून धावत आत आला आणि आरतीला उभा राहिला. अंगात काळी हुडी, तिची टोपी डोक्यावर ओढलेली. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी तिथूनच आवाज दिला, "आधी ती टोपी काढ. बाप्पासमोर असं उभं राहतात का?" मुलगा म्हणाला, "काका, भिजलोय म्हणून." काकांचा आवाज चढला, "गुंडासारखं दिसतंय ते!" आरती झाली. प्रसादाची ताटली फिरत त्याच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तो जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी आला नाही आणि विसर्जनालाही आला नाही. मिरवणुकीत ताशा तो वाजवणार होता. तो ऐन वेळी दुसऱ्याच्या गळ्यात अडकवावा लागला.

पुढे कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला. मंडपात हुडी घालून येऊ नये असा फलक लावावा, अशी सूचना आली. बहुतेकांच्या माना डोलल्या. तेवढ्यात कोणाचे तरी लक्ष कार्यालयाच्या भिंतीवरच्या जुन्या छायाचित्राकडे गेले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे, उत्सवातलेच. खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभे तरुण, पुढे सतरंजीवर मुले. त्यात पगड्या आहेत, फेटे आहेत, काळ्या टोप्या आहेत. उघडे डोके शोधूनही सापडत नाही. देवासमोर डोके झाकून उभे राहणे हीच तेव्हाची रीत होती, आणि आपण मात्र डोके झाकले म्हणून एका मुलाला बोललो होतो.

फलकाचा निर्णय त्या दिवशी पुढे ढकलला. मधल्या काळात आम्ही जरा मागे वळून पाहिले, आपल्या बडोद्याकडे आणि बाहेरच्या जगाकडेही. जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

कुंची, खोळ आणि इरले

हुडी हा शब्द नवा, वस्तू मात्र आपल्याला मुळीच परकी नाही. मराठी घरातल्या मुलाचा पहिला मानाचा पोशाख कुंची. बारशाच्या दिवशी बाळाला घालतात ती कुंची म्हणजे डोके, कान आणि पाठ एकाच कापडात झाकणारी टोपी. आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत आजीने शिवलेली, जरीचे काठ लावलेली एखादी कुंची अजून असेल. पावसाळ्यात धनगर आणि शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडतात. कोकणात भातलावणीच्या वेळी बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले डोक्यावर घेतात. थंडीवाऱ्यापासून, पावसापासून डोके आणि पाठ एकदम वाचवायची असेल, तर माणूस कुठलाही असो, त्याला हाच आकार सुचतो. युरोपातले ख्रिस्ती साधूही झग्याला मागे टोपी शिवून घेत. गोष्टीतल्या रॉबिनहूडच्या तर नावातच ती टोपी आहे.

आजच्या हुडीचा जन्म मात्र अमेरिकेतला, १९३० च्या दशकातला. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावी फाइनब्लूम बंधूंनी १९१९ मध्ये विणलेल्या कपड्यांचा कारखाना काढला होता. पुढे तो चॅम्पियन या नावाने प्रसिद्ध झाला. जाड सुती विणीच्या सदऱ्याला टोपी जोडण्याच्या संदर्भात याच कारखान्याचे नाव घेतले जाते. हा कपडा होता शीतगृहांत आणि उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांसाठी, आणि सरावानंतर अंग एकदम गार पडू नये म्हणून खेळाडूंसाठी. आपल्या शहराला हे सांगायला नको. जुम्मादादांच्या आणि प्रोफेसर माणिकरावांच्या या गावात तालमीतून घामाघूम बाहेर पडताना अंगावर चादर ओढून घेणारे गडी आपल्या वाडवडिलांनी रोज पाहिले होते. हुडी म्हणजे अमेरिकन तालमीतली चादर, फक्त बाह्या आणि टोपी शिवलेली.

हुडीवर संशय कसा बसला

पहिली चाळीसेक वर्षे या कपड्याला कोणी नावे ठेवली नाहीत. कष्टकऱ्याचा आणि खेळाडूचा तो साधा कपडा होता. १९७६ मध्ये 'रॉकी' हा मुष्टियोद्ध्याचा चित्रपट आला आणि पहाटे हुडी घालून धावणारा गरीब नायक जगभर पोहोचला. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुणांनी हिप-हॉपचे गाणे-नाचणे जन्माला घातले. हुडी त्यांच्याही अंगावर होती. गाण्याबरोबर कपडा पसरला आणि कपड्याबरोबर संशयही पसरला. ज्या वस्तीची पोलिसांना आणि सुखवस्तू लोकांना भीती वाटे, त्या वस्तीचा कपडाही भीतीदायक ठरला.

मे २००५ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यातील ब्लूवॉटर नावाच्या मोठ्या खरेदी-संकुलाने हुडी घालणाऱ्यांना मज्जाव केला. त्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्याला पाठिंबा दिला. गंमत अशी की, त्याच संकुलातल्या दुकानांत हुड्या विकायला होत्या. विकत घेणे चालत होते, घालून फिरणे चालत नव्हते. पुढच्या वर्षी विरोधी पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांनी एका भाषणात म्हटले की, ही मुले टोपी ओढून का घेतात ते आधी समजून घ्यायला हवे. त्या भाषणाची वर्तमानपत्रांनी भरपूर टिंगल केली.

अमेरिकेत ही गोष्ट टिंगलीपुरती राहिली नाही. २६ फेब्रुवारी २०१२ च्या संध्याकाळी फ्लोरिडा राज्यातल्या सॅनफर्ड गावात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून खाऊ घेऊन परतत होता. पाऊस होता, त्याने हुडीची टोपी डोक्यावर घेतली होती. वस्तीवर पहारा देणाऱ्या एका माणसाला तो संशयास्पद वाटला, आणि थोड्याच वेळात तो मुलगा गोळी लागून मेला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. गोळी झाडणारा पुढच्या वर्षी न्यायालयातून निर्दोष सुटला. या मुलासाठी हजारो लोक हुड्या घालून रस्त्यावर उतरले. मार्च २०१२ मध्ये बॉबी रश हे लोकप्रतिनिधी अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी कोट उतरवला, आतल्या हुडीची टोपी डोक्यावर घेतली, आणि त्यांना सभागृहाबाहेर नेण्यात आले. सभागृहात डोक्यावर टोपी घालायची नाही असा तिथला १८३७ पासूनचा नियम होता.

त्याच वर्षी मे महिन्यात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग भांडवल उभारण्यासाठी मोठमोठ्या गुंतवणूकदारांसमोर हुडी घालूनच गेले. काही जाणकारांनी नाके मुरडली, पण तरुण अब्जाधीशाचा साधेपणा म्हणून कौतुकच जास्त झाले. एकाच वर्षी, एकाच देशात, एकाच कपड्यात एक मुलगा जिवाला मुकला आणि एक तरुण अब्जाधीश म्हणून मिरवला. मग कपड्यात काय होते?

बोडके डोके

तिकडे सभागृहात डोके उघडे ठेवणे हा शिष्टाचार. आपल्याकडे शे-सव्वाशे वर्षांपूर्वी याच्या नेमके उलट होते. दरबारात, कचेरीत, लग्नात, देवळात बोडक्या डोक्याने जाणे म्हणजे असभ्यपणा, आणि अशुभही. घरात सुतक असेल तेव्हाच डोके उघडे. बायकांच्या डोक्यावरचा पदर ढळला तर सासरी बोलणी खावी लागत. आपल्या भाषेतच पाहा. पगडी उतरवली म्हणजे अब्रू गेली, आणि पायावर पगडी ठेवली म्हणजे सर्वस्व ठेवले. पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे यांच्या बांधणीवरून माणसाची जात, गाव आणि हुद्दा ओळखता येई. दांडिया बाजारातून कोण चालले आहे, हे चेहऱ्याआधी डोक्यावरून कळत असे.

अशा काळात इंग्रजी शिकलेल्या मुलांनी पगडी सोडून टोपी घातली, घेरा-शेंडी काढून केस राखले, तेव्हा घराघरांत किती कल्लोळ झाला असेल! १८८१ मध्ये आपल्याकडे बडोदा कॉलेज निघाले. त्या पहिल्या पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांना घरी जे ऐकावे लागले असेल, त्याचे शब्द आपण ओळखू शकतो. साहेबाची नक्कल, धर्म बुडाला, मोठ्यांचा धाक राहिला नाही.

वाद पुरुषांपुरता नव्हता. पुण्यात १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' सुरू केला आणि त्यात स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असा निबंधच लिहिला. आज कोणी म्हणेल, जाकिटावर निबंध कशाला? पण छत्री घेऊन, जोडे घालून, जाकीट घालून बाहेर पडणारी बाई ही तेव्हा रस्त्यावरच्या टवाळीचा विषय होती. आगरकरांनी या टवाळीला विचाराने उत्तर दिले. पोशाख सोयीचा आहे का, अंगाचे रक्षण करतो का, एवढे पाहा असे त्यांचे म्हणणे होते. हुडीवरच्या भांडणातही हा प्रश्न आधी विचारायला हरकत नाही.

त्याच वर्षी, २ मार्च १८८८ ला, पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. दागिन्यांनी आणि भरजरी कपड्यांनी मढलेल्या त्या मंडळींत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. खरा हिंदुस्थान पाहायचा असेल तर खेड्यातल्या या माणसाकडे पाहा, असे त्यांना राणीच्या मुलाला सांगायचे होते. भाषण त्यांनी केलेच, पण त्याआधी त्यांचा वेष बोलून चुकला होता.

दिल्लीच्या दरबारातले बडोदे

वेष बोलतो, हे बडोद्याच्या राजालाही पक्के माहीत होते. कवळाण्याच्या घरातला गोपाळ बारा वर्षांचा असताना, २७ मे १८७५ रोजी, जमनाबाईसाहेबांच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला. साध्या सदऱ्यातून थेट जरीच्या पोशाखात आलेल्या त्या मुलाने कपड्याची किंमत आयुष्यभर लक्षात ठेवली असावी.

१२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर. एकेक संस्थानिक पुढे येऊन मुजरा करणार, पाठ न दाखवता मागे सरणार, असा शिष्टाचार ठरलेला. बडोद्याच्या खजिन्यात काय कमी होते? खंडेराव महाराजांच्या काळात घेतलेला 'स्टार ऑफ द साउथ' हिरा होता, मोत्यांचे जगप्रसिद्ध हार होते. सयाजीराव मात्र सगळे जडजवाहीर आणि मानचिन्हे न मिरवता, साध्या वेषात, हातात काठी घेऊन पुढे गेले. मुजरा थोडक्यात आटोपला आणि वळून, बादशहाकडे पाठ करून परतले.

त्या काही क्षणांवरून हिंदुस्थानातच काय, लंडनपर्यंत गहजब झाला. हा प्रसंग चलच्चित्रात टिपलेला होता, त्यामुळे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले नाही त्यांनीही पाहिले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोहाचा आरोप केला. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे खुलाशाचे पत्र पाठवावे लागले. चूक अनवधानाने झाली की जाणूनबुजून, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आम्हाला त्या वादापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणाऱ्या राजाचा हिशेब त्या दिवशी अंगावरच्या दागिन्यांवरून आणि पाठ वळवण्यावरून मांडला गेला. साम्राज्यालाही माणसाआधी पोशाखच दिसला.

पदर, पडदा आणि शिफॉन

राजवाड्यातल्या स्त्रियांनीही हा वाद अंगावर घेतला. महाराणी चिमणाबाईसाहेबांनी १९११ मध्ये हिंदी स्त्रीच्या जीवनावर इंग्रजीत ग्रंथ सिद्ध केला. पडदा बाजूला सारून त्या जाहीर सभांतून वावरू लागल्या आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या. राणीसरकारांचा चेहरा लोकांनी पाहिला म्हणून बडोद्याचे काही बिघडले नाही. उलट आपल्या आज्यांना शाळेत जाण्याचे धैर्य त्यातून मिळाले.

पण फॅशनच्या बाबतीत आईच्याही पुढे एक पिढी होती. राजकन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरशी ठरलेले लग्न मोडले आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. सुधारक आईवडिलांनाही हे सहज पचले नाही. पुढे वैधव्य आल्यावर त्यांनी फ्रान्समधून तलम शिफॉनच्या साड्या विणवून घेतल्या, आणि भारतात शिफॉनच्या साडीची आवड रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला शिफॉन नेसून आलेल्या मावशींना कोणी बंडखोर म्हणणार नाही. नऊवारी सोडून पाचवारी नेसणारी पहिली सून, पंजाबी ड्रेस घालणारी पहिली लेक, अशा आठवणी आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्या त्या वेळी रुसवेफुगवे झाले, काही ठिकाणी बोलणेही तुटले. आता त्यांचे फोटो अल्बममध्ये शेजारी शेजारी आहेत.

सदरा-कस्ती नसलेला पाहुणा

इतके दिवस हसत सांगण्यासारखे होते. पण आपल्या शहराच्या इतिहासात पोशाखाची एक गोष्ट अशी आहे की, ती सांगताना मान खाली जाते.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले भीमराव आंबेडकर उच्च शिक्षण घेऊन सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. अस्पृश्य म्हणून हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत असल्याने ते एका पारशी धर्मशाळेत गेले. त्यांनी कोट काढला, तेव्हा अंगात सदरा आणि कस्ती नाही हे तिथल्या व्यवस्थापकाच्या लक्षात आले. पारशी असण्याची खूणच ती. शेवटी पारशी नाव नोंदवून राहण्याची तडजोड झाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. शहरात दुसरीकडे कोणी आसरा दिला नाही. कमाटी बागेतल्या एका झाडाखाली ते बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्या दिवशी बडोद्यात मराठी घरे कमी नव्हती. पगड्या, फेटे, टोप्या घातलेली, सभ्य, शिकलेली, गणपती बसवणारी घरे होती. एकाचेही दार उघडले नाही. सभ्य पोशाखाचा आपण जेव्हा फार अभिमान धरतो, तेव्हा हे झाड आठवायला हवे. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण पटवणाऱ्या पद्धतीने लुगडे नेसू नका, अंगावरचे जाडजूड दागिने टाका, इतर स्त्रियांसारखे नीट नेसा. त्या बायकांनी ते ऐकले. कपड्यावरून माणसाला खाली ढकलले जाते, हे ज्यांनी सोसले होते, त्यांना कपडा बदलण्याची ताकदही कळली होती.

टोपी गेली, केस वाढले

१९२० नंतर गांधीटोपी आली. सरकारी कचेऱ्यांतून तिच्यावरून खटके उडाले. पांढऱ्या खादीचा एक तुकडा राज्यकर्त्यांना बंडाचे निशाण वाटला. तीच टोपी स्वातंत्र्यानंतर पुढाऱ्यांची झाली, आणि तरुणांनी ती घालायचे सोडले. ३० एप्रिल १९४९ ला महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्या वर्षी ललितकला विभाग सुरू झाला, बेंद्रे सर आणि शंखो चौधुरी शिकवू लागले. तोपर्यंत विद्यार्थ्यांची उघडी डोकी कोणाला खटकेनाशी झाली होती. पगडीच्या काळातले पाप एका आयुष्यात रोजचे होऊन गेले.

मग केसांवरून भांडणे सुरू झाली. सत्तरच्या दशकात कानांवर केस, बेलबॉटम पँट, रुंद पट्टे. आज या मंडळात पहिल्या रांगेत बसणारे आमच्यातले अनेक जण तेव्हा तसेच फिरत होते. वडिलांनी न्हाव्याकडे धरून नेल्याच्या आठवणी सांगताना ते आता हसतात. मोठी माणसे म्हणत, ही पिढी वाया गेली. पण डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादेत खानावळीच्या वाढलेल्या बिलावरून भडका उडाला, नवनिर्माण आंदोलन गुजरातभर पसरले, बडोद्याचे विद्यार्थी त्यात उतरले आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमंडळ हलवणारी पोरे तीच, लांब केसांची. केसांकडे बघणाऱ्यांना ती दिसली नव्हती.

आजची हुडी

आज फतेहगंजच्या चहाच्या टपऱ्यांवर, विद्यापीठाच्या फाटकांवर, शिकवणीच्या वर्गांबाहेर पाहावे तिकडे हुड्या आहेत. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांच्या गरम कपड्यांच्या बाजारात आणि मंगळबाजारात त्या ढिगाने मिळतात. आपल्या गावची थंडी ती किती! तरी मुले वर्षभर घालतात. आम्ही काही मुलांना कारण विचारले. एक म्हणाला, खिसे मोठे आहेत. एक म्हणाली, वर्गातला एसी फार थंड असतो. एकाने जरा थांबून सांगितले, "टोपी ओढली की कोणी बघत नाही असं वाटतं. बरं वाटतं." परीक्षा, गुण, परदेशी प्रवेश, घरची अपेक्षा यांत दिवसभर सगळ्यांच्या नजरेसमोर असलेल्या वयाला थोडी आडोशाची जागा हवी असेल, तर त्यात नवल नाही.

आणि चेहरा झाकण्याबद्दल बोलायचे, तर उन्हाळ्यात ओढणीची बुकानी बांधून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटर चालवणाऱ्या आपल्याच लेकीसुना आहेत. पहाटे कमाटी बागेत फेरी मारणारे आमचे ज्येष्ठ माकडटोपी घालतात. तिच्यातून हुडीपेक्षा कमी चेहरा दिसतो. त्यांना आजवर कोणी गुंड म्हटलेले नाही.

हुडीवरचा आक्षेप पूर्ण निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. बँकेच्या आणि सराफाच्या दारात चेहरा उघडा ठेवा असे लिहिलेले असते, त्याला कारण आहे. विसर्जनाच्या गर्दीत बायका-मुले असतात, तिथे कोण आहे हे दिसायला हवे. पण हा प्रश्न चेहऱ्याचा झाला. तो हेल्मेटला, रुमालाला, बुकानीला सारखाच लागू आहे. एका वयाच्या मुलांचा एक कपडा वेगळा काढून त्याच्यावर फलक लावला की त्या वयाला निरोप मिळतो की, तुम्ही इथे नकोसे आहात.

हा निरोप आपल्याला परवडणारा नाही. आपली घरे इथे पाच-सहा पिढ्यांची. पिलाजीराव-दमाजीरावांच्या फौजेबरोबर कोणी आले, कोणी कारकुनीला, कोणी शिक्षकीला. मराठी आपण घरात आणि या मंडपात टिकवली. आता मुले पुण्याला, बंगळुरूला, न्यूजर्सीला जातात. इथे राहतात ती मित्रांशी गुजराती-हिंदी-इंग्रजीत बोलतात. त्यातला एखादा आपणहून ताशा शिकतो, पावसात भिजत आरतीला येतो, आरतीचे शब्द त्याला पाठ असतात. आपण त्याच्या डोक्यावरचे कापड पाहिले आणि हे सगळे आपल्या नजरेतून सुटले. शोभायात्रेत हीच मुले भगवे फेटे बांधून ढोल वाजवतात, तेव्हा आपण कौतुकाने फोटो काढतो. सोमवारी हुडी, पाडव्याला फेटा. डोके तेच असते.

कार्यकारिणीने यंदा ठरवले आहे की, पोशाखाचा फलक लावायचा नाही. मिरवणुकीत स्वयंसेवकांना चेहरा ओळखता यावा, एवढीच विनंती सर्वांना, सर्व वयांना. मंडपाच्या दाराशी ओले कपडे, रेनकोट, हुड्या अडकवायला खुंट्या ठोकल्या आहेत. ज्यांना डोक्यावर काही ठेवून आरती करायची असेल त्यांनी खुशाल करावी. भिंतीवरच्या छायाचित्रातल्या आपल्या पणजोबांनी तशीच केली होती.

आणि ज्या काकांनी गेल्या वर्षी आवाज दिला होता, त्यांनी आपणहून त्या मुलाच्या घरी जाऊन उत्सवाचे बोलावणे केले आहे. तो येईल की नाही, हे लिहिताना आम्हाला माहीत नाही. ताशा मात्र त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

गणपती बाप्पा मोरया!